सागरी हवेतून जाणारा प्रकाश : क्षीणतेचे मोजमाप

दीपगृहाचा दिवा रोज तोच असतो. त्याचे भिंग तेच असते आणि त्याची उंचीही बदलत नाही. तरीही समुद्रातून परतणाऱ्या तांडेलाला तो एखाद्या रात्री पंचवीस किलोमीटरवरून दिसू लागतो, तर एखाद्या रात्री नौका सहा किलोमीटरवर येईपर्यंत त्याचा मागमूस लागत नाही. हा फरक दिव्यात नसून दिवा आणि डोळा यांच्या मधल्या हवेत असतो. ही हवा प्रकाशाचा किती भाग पुढे जाऊ देते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तिच्यातून कितपत पार होतात, हे मोजण्याचे शास्त्र गेल्या तीन शतकांत विकसित झाले आहे. या शास्त्राचा संबंध केवळ प्रयोगशाळांशी नाही. अपुरा दिसणारा दिवा बदलून त्या जागी दहापट प्रखर दिवा बसवावा की नाही, या व्यवहारी प्रश्नाचे उत्तरही त्याच मोजमापातून मिळते. आणि ते उत्तर अनेकदा अपेक्षेपेक्षा वेगळे असते.

चक्रवाढीचे उलटे गणित

या शास्त्राचा पाया घालणारे पिअर बुगेर यांचा जन्म १६९८ साली फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ल क्रॉईझिक या बंदरगावी झाला. त्यांचे वडील नौकानयनासाठी लागणाऱ्या जलविद्येचे अध्यापक होते. १७२९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात बुगेर यांनी एक मूलभूत नियम मांडला. माध्यमाचा प्रत्येक समान जाडीचा थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशातून ठराविक राशी काढून घेत नाही. तो ठराविक वाटा काढून घेतो. पुढे योहान लांबर्ट यांनी १७६० साली आणि ऑगस्ट बेअर यांनी १८५२ साली या नियमाचा विस्तार केला.

एका उदाहरणाने हा नियम स्पष्ट होईल. एखाद्या दिवशी प्रत्येक किलोमीटरमागे ८० टक्के प्रकाश शिल्लक राहतो, असे मानू. दोन किलोमीटरनंतर ६० टक्के उरेल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात ८० टक्क्यांचे ८० टक्के म्हणजे ६४ टक्के उरतात. तीन किलोमीटरनंतर सुमारे ५१, पाच किलोमीटरनंतर सुमारे ३३ आणि दहा किलोमीटरनंतर जेमतेम ११ टक्के प्रकाश शिल्लक राहतो. हे चक्रवाढ व्याजाचेच गणित होय. मात्र येथे मुद्दल वाढत नाही, घटत जाते.

हवेच्या या घटविण्याच्या गुणाला जो अंक दिला जातो, त्यास क्षीणन गुणांक म्हणतात. वरील उदाहरणात तो किलोमीटरला सुमारे ०.२२ इतका येतो. समांतर किरणांच्या झोतातील केवळ ५ टक्के प्रकाश उरण्यास जेवढे अंतर लागते, त्या अंतरास जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार हवामानशास्त्रीय दृश्यमानता मानले जाते. ३ या संख्येला क्षीणन गुणांकाने भागले की हे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. आपल्या उदाहरणातील हवेची दृश्यमानता त्यानुसार सुमारे साडेतेरा किलोमीटर भरते. दृश्यमानता एक किलोमीटरहून कमी झाली, म्हणजे हवामानशास्त्राच्या भाषेत धुके पडले असे समजले जाते.

दीपगृहाच्या दिव्याचा हिशेब

दिव्याच्या प्रकाशाला दोन प्रकारची घट सोसावी लागते. अंतर दुप्पट झाले की पसरण्यामुळे तो एक चतुर्थांश होतो. आणि हवेतील घट त्याशिवाय वेगळी असते. फ्रान्सच्या दीपगृह सेवेतील अभियंते एमिल आलार यांनी १८७६ साली या दोन्ही गोष्टी एका सूत्रात गोवल्या. दीपगृहाचा दिवा किती दूरवर दिसेल याचा हिशेब आजही त्याच सूत्राने केला जातो. काळोख्या रात्री डोळ्याला दिवा जाणवण्यासाठी किमान, सोप्या भाषेत सांगायचे तर, एका लक्सच्या पन्नास लाखाव्या भागाइतका प्रकाश डोळ्यावर पडावा लागतो, असे या हिशेबात गृहीत धरतात.

आता १ लाख कँडेला तीव्रतेचा एक दिवा घेऊ. मध्ये हवाच नसती आणि पृथ्वीही सपाट असती, तर हा दिवा सुमारे ७०० किलोमीटरवरून दिसला असता. दृश्यमानता १० सागरी मैल, म्हणजे साडेअठरा किलोमीटर असलेल्या बऱ्यापैकी स्वच्छ हवेत मात्र त्याचा पल्ला सुमारे ३७ किलोमीटरवर येतो. दृश्यमानता २ किलोमीटर उरली तर पल्ला ६.३ किलोमीटर आणि २०० मीटर दृश्यमानतेच्या दाट धुक्यात तो ९०० मीटरही उरत नाही.

अशा वेळी साहजिकच दिवा वाढविण्याची मागणी पुढे येते. दिव्याची तीव्रता दसपट, म्हणजे १० लाख कँडेला केली, असे समजू. स्वच्छ हवेत पल्ला ३७ किलोमीटरवरून सुमारे ४८ किलोमीटरवर जाईल. २ किलोमीटर दृश्यमानतेत तो ६.३ वरून ७.६ किलोमीटर होईल. दाट धुक्यात दसपट प्रकाशाने मिळणारा लाभ केवळ दीडशे मीटरच्या आत राहील. जेथे मदतीची गरज सर्वाधिक असते, तेथेच वाढीव प्रकाशाचा उपयोग सर्वांत कमी होतो, हा आलार यांच्या सूत्राचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे.

स्वच्छ हवेतील लाभालाही दुसरी मर्यादा आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३० मीटर उंचीवरील दिवा समुद्रसपाटीपासून दोन मीटर उंचीवर डोळे असलेल्या नाविकाला सुमारे साडेसव्वीस किलोमीटरपलीकडे थेट दिसू शकत नाही. स्वच्छ रात्री क्षितिज आड येते आणि धूसर रात्री हवा आड येते. यांपैकी कोणती अडचण किती रात्री असते, हे ठाऊक नसताना दिव्यावर केलेला खर्च अंदाजावर केलेला खर्च ठरतो. खांदेरी बेटावरील दीपगृह १८६७ सालचे आणि मुंबईत कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळच्या खडकावरील प्राँग्ज दीपगृह १८७५ सालचे आहे. उपग्रहांच्या साहाय्याने नौकेचे स्थान कळू लागले असले, तरी यंत्र बंद पडल्यावर लहान नौकेला किनाऱ्यावरील दिव्याचाच आधार उरतो.

सागरी हवेचे वेगळेपण

हवेत प्रकाश दोन रीतींनी घटतो. त्याचा काही भाग शोषला जातो, तर काही भाग कणांवर आदळून इतस्ततः विखुरतो. या विखुरण्यास प्रकीर्णन म्हणतात. हवेच्या रेणूंमुळे होणाऱ्या प्रकीर्णनाचा नियम लॉर्ड रॅले यांनी १८७१ साली मांडला. त्या नियमानुसार तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश चौपटीहून अधिक विखुरतो. आकाश निळे दिसते ते यामुळेच. तथापि समुद्रालगत प्रकाशाची खरी अडवणूक रेणू करीत नाहीत. ती तरंगणारे कण करतात. तरंगलांबीच्या बरोबरीच्या किंवा तिच्याहून मोठ्या गोल कणांवरील प्रकीर्णनाचे गणित गुस्ताव मी यांनी १९०८ साली सोडविले.

हे कण समुद्र स्वतःच निर्माण करतो. वारा वाढून लाटा फेसाळू लागल्या, की पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटताना त्यांच्या पातळ पडद्याचे तुषार उडतात आणि मागोमाग मधल्या खळग्यातून आणखी काही थेंब उसळतात. पाणी उडून गेल्यावर मिठाचे कण हवेत राहतात. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड वुडकॉक यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत वाऱ्याच्या जोराबरोबर हवेतील मिठाचे प्रमाण वाढत जाते असे दाखवून दिले.

मिठाचा दुसरा गुणधर्म प्रत्येक घरात अनुभवास येतो. पावसाळी हवेत बरणीतील मीठ ओलसर होते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मिठाचा कोरडा कण हवेतील बाष्प ओढून घेऊन द्रवरूप होतो. ८० टक्के आर्द्रतेस त्याचा व्यास कोरड्या अवस्थेच्या जवळजवळ दुप्पट आणि प्रकाशासमोर येणारे त्याचे क्षेत्र चौपट झालेले असते. आर्द्रता शंभर टक्क्यांकडे झुकू लागली की ही वाढ फार झपाट्याने होते. म्हणूनच हवेतील कणांची संख्या तेवढीच असूनही पहाटेच्या दमट हवेत पलीकडचा डोंगर दिसेनासा होतो आणि दुपारी ऊन वाढल्यावर तोच पुन्हा उघडा पडतो.

याशिवाय किनाऱ्याची हवा एकाच उगमाची नसते. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे मिठाचे कण आणतात. रात्री जमिनीवरून वाहणारे मतलई वारे धूर आणि धूळ समुद्रावर नेतात. त्यामुळे एकाच जागी सकाळी व सायंकाळी घेतलेले मोजमाप निरनिराळ्या हवेचे असू शकते.

अवरक्त किरण : उपयोग आणि मर्यादा

विल्यम हर्शेल यांनी १८०० साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि तेथेही उष्णता आढळली. हेच अवरक्त किरण होत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. अवरक्त किरणांची त्याहून अधिक असते. तरंगलांबी वाढली की बारीक कणांचा अडथळा कमी होतो. त्यामुळे धुरकट हवेत हे किरण दूरवर जातात, ही गोष्ट खरी आहे. परंतु त्यावरून ते कोणत्याही धुक्याला भेदतात असा जो समज रूढ आहे, तो बरोबर नाही.

पहिला अडथळा बाष्पाचा आहे. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांतून बाष्प उष्णतेच्या किरणांना मोठ्या प्रमाणात शोषून घेते, हे सिद्ध झाले. बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड मिळून अवरक्त पट्ट्याचे अनेक भाग जणू बंद करून टाकतात. मध्ये काही खिडक्या तेवढ्या उघड्या राहतात. त्यांपैकी ३ ते ५ आणि ८ ते १२ मायक्रोमीटर या दोन खिडक्या विशेष उपयोगाच्या आहेत. उष्णता टिपणारे कॅमेरे याच खिडक्यांतून पाहतात.

या खिडक्या समुद्रसपाटीला किती उघड्या असतात हे पाहण्यासाठी मोठे प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये गेबी आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेला आलेख सुमारे १,८०० मीटर लांबीच्या वाटेचा होता. त्या वाटेतील सर्व बाष्पाचे पाणी केले असते तर त्याचा थर १७ मिलिमीटर जाडीचा झाला असता. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेतील टेलर व येट्स यांनी चेसापीक उपसागराच्या परिसरात समुद्रसपाटीलगत सुमारे ३०० मीटर, साडेपाच किलोमीटर आणि सव्वासोळा किलोमीटर अशा तीन वाटांवर ०.५ ते १५ मायक्रोमीटरपर्यंतची मोजणी केली. ती १९५७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे दीर्घकाळ संदर्भ म्हणून वापरली गेली.

असे परदेशी आलेख कोकणच्या किनाऱ्याला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. म्हणजे एक किलोमीटर वाटेत २४ मिलिमीटर पाणी झाले. ब्रिटनमधील प्रयोगात जेवढे बाष्प १,८०० मीटरमध्ये होते, तेवढे येथे सुमारे ७०० मीटरमध्येच आढळेल. शिवाय ८ ते १२ मायक्रोमीटरच्या खिडकीत बाष्पामुळे होणाऱ्या शोषणाचा एक मोठा भाग बाष्पाच्या प्रमाणाच्या वर्गानुसार वाढतो. बाष्प दुप्पट झाले की हा भाग चौपट होतो. थंड देशात उत्तम चालणारे उपकरण उष्ण व दमट किनाऱ्यावर तोकडे पडते, याचे हे एक प्रमुख कारण होय.

दुसरा अडथळा थेंबांच्या आकाराचा आहे. धुक्यातील पुष्कळसे थेंब काही मायक्रोमीटरपासून दहा-वीस मायक्रोमीटरपर्यंत मोठे असतात. त्यांच्यापुढे दृश्य प्रकाश आणि ३ ते ५ मायक्रोमीटरचे किरण यांची स्थिती जवळपास सारखीच होते. पिवळा दिवा धुके भेदतो, ही समजूतही याच कारणाने टिकत नाही. थेंब इतके मोठे असताना पिवळ्या आणि पांढऱ्या प्रकाशात हवेच्या दृष्टीने फारसा भेद उरत नाही.

मोजमापाच्या पद्धती

सर्वांत सरळ पद्धत पारगम्यतामापकाची आहे. एका टोकाला ज्ञात तीव्रतेचा प्रकाशझोत आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशग्राही उपकरण ठेवून किती प्रकाश पोहोचला हे पाहिले जाते. सूर्यप्रकाश मिसळू नये म्हणून झोत ठराविक गतीने खंडित केला जातो आणि तेवढ्याच गतीने बदलणारा भाग ग्राही उपकरण मोजते. बंगळूरु येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने 'दृष्टी' नावाचे असे भारतीय उपकरण तयार केले असून विमानतळांवरील धावपट्टीची दृश्यमानता मोजण्यासाठी ते वापरले जाते.

पद्धत सरळ असली तरी स्वच्छ हवेत ती कठीण होते. दोन टोकांतील अंतर ७५ मीटर आणि हवेची दृश्यमानता १० किलोमीटर असेल, तर ९७.८ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो. वाचनात एका टक्क्याची चूक झाली, तर १० किलोमीटरऐवजी एका बाजूस ७ आणि दुसऱ्या बाजूस १८ किलोमीटर असे उत्तर येते. समुद्रकाठी खिडकीच्या काचेवर मिठाचा बारीक थर बसला की एक टक्का प्रकाश सहज कमी होतो. काच पुसण्याची नोंद ठेवणे हा म्हणूनच या मोजमापाचा आवश्यक भाग आहे. स्वच्छ सागरी हवेसाठी वाट काही किलोमीटर लांबीची घ्यावी लागते. एकाच उपकरणाने लहान व मोठ्या अशा दोन अंतरांवर मोजून त्यांचे गुणोत्तर काढले, तर उपकरणाचे अंगचे दोष पुष्कळ अंशी वजा होतात.

दुसऱ्या पद्धतीत हवेच्या लहानशा भागातून विखुरलेला प्रकाश मोजला जातो. ही उपकरणे आटोपशीर असतात; परंतु काजळीने शोषलेला प्रकाश त्यांना कळत नाही. तिसरी पद्धत सूर्याचाच दिवा म्हणून उपयोग करते. सूर्य कलत जाईल तसा त्याचा प्रकाश हवेच्या अधिकाधिक जाडीतून येतो. त्याच्या घटीवरून हवेबाहेरील मूळ तीव्रता काढण्याची पद्धत सॅम्युअल लँग्ली यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १८८१ साली अमेरिकेतील माउंट व्हिटनी पर्वतावर अशी मोजणी केली होती. चौथ्या, लायडार पद्धतीत लेझरचे स्पंद हवेत सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून कोणत्या उंचीवर किती कण आहेत हे काढतात.

निरनिराळ्या तरंगलांबींवर मोजले की कणांचा प्रकारही समजतो. अँडर्स ऑंगस्ट्रॉम यांनी १९२९ साली यासाठी एक घातांक सुचविला. जमिनीवरील बारीक धुरकट कणांसाठी तो सुमारे १.३ येतो, तरंगलांबी दुप्पट केल्यास अशा हवेत कणांमुळे होणारी घट सुमारे ४० टक्क्यांवर येते. मिठाच्या मोठ्या कणांसाठी घातांक ०.३ च्या आसपास असेल, तर तीच घट केवळ ८१ टक्क्यांपर्यंत उतरते. अवरक्त किरणांचा लाभ खाऱ्या हवेत कमी का मिळतो, याचा उलगडा या दोन अंकांतून होतो.

१९९९ च्या पहिल्या तिमाहीत झालेल्या 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेत भारताची 'सागर कन्या' ही संशोधन नौका सहभागी होती. हिवाळ्यात ईशान्येकडून वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर जमिनीवरील धूर व काजळी अरबी समुद्र ओलांडून हिंदी महासागरावर दूरवर पसरते, हे त्या मोहिमेत स्पष्ट झाले. किनाऱ्यापासून दूरची हवा निर्मळच असते, या समजुतीला त्यामुळे छेद गेला.

शाळा आणि ग्रामपंचायतींसाठी

या विषयाची ओळख शाळेत अल्प खर्चात करून देता येईल. अंधाऱ्या खोलीत एक विजेरी स्थिर ठेवावी आणि समोर मोबाइल फोनमधील प्रकाशमापक ठेवावा. मध्ये एकाच जातीचे धूसर प्लॅस्टिकचे कागद एकामागून एक वाढवीत वाचन नोंदवावे. प्रत्येक कागद सारखी राशी कमी करतो की सारखा वाटा, हे विद्यार्थ्यांनी स्वतः भागाकार करून ठरवावे.

किनाऱ्यावरील गावांत याहून उपयुक्त अशी एक नोंदवही ठेवता येईल. नकाशावरून अंतर निश्चित करून निरनिराळ्या अंतरांवरील टेकड्या, बेटे वा मनोरे निवडावेत. अशी खूण गडद रंगाची, क्षितिजालगतच्या आकाशावर उठून दिसणारी आणि निदान पौर्णिमेच्या चंद्रबिंबाएवढी मोठी दिसणारी असावी. रोज ठराविक वेळी सर्वांत दूरची कोणती खूण ओळखता आली, वारा कोणत्या दिशेचा होता आणि कोरड्या व ओल्या तापमापकांची वाचने काय होती, हे लिहावे. मुंबईच्या गेटवेपासून घारापुरी बेट सुमारे १० किलोमीटरवर आहे. ते जेमतेम ओळखता येत असेल, तर त्या वेळचा क्षीणन गुणांक किलोमीटरला सुमारे ०.३ आहे असे म्हणता येईल.

अशी नोंदवही उपकरणाची जागा घेऊ शकत नाही. परंतु कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी आणि कोणत्या वाऱ्यावर समुद्र धूसर होतो, हे वर्षभरात तिच्यातून दिसू लागेल. किनाऱ्यावर आणखी प्रखर दिवा हवा, की अडचणीच्या जागेजवळ लहान दिव्याचा तरता बोया हवा, की धूसर पहाटे नौकांना उशिरा निघण्याची सूचना पुरेशी आहे, हे ठरविताना त्या नोंदी हाताशी असतील. दसपट दिव्याने दाट धुक्यात दीडशे मीटरही मिळत नाहीत, हे ज्या ग्रामसभेला ठाऊक असेल, ती आपली मागणी अधिक नेमकी करू शकेल आणि तिच्या तांडेलांना दिव्यावर नेमका कितपत भरवसा ठेवायचा, हेही कळेल.